घरच्या मत्स्यटाकीसाठी तळाचा मासा निवडताना

टाकी, फिल्टर, वाळू, पाणवनस्पती आणि चार रंगीत मासे अशी सगळी खरेदी उरकली की दुकानात बहुधा शेवटचा प्रश्न येतो, ‘एखादा क्लिनर देऊ का?’ गिऱ्हाईक मान डोलावते आणि बोटभर लांबीचा, काळपट, काचेला तोंडाने चिकटलेला मासा पिशवीत पडतो. तो किती वाढेल, काय खाईल, त्याला सोबत लागते का, हे कोणी विचारत नाही. टाकीतील इतर मासे हौसेने निवडले जातात. तळाचा मासा मात्र कामाला ठेवलेल्या गड्यासारखा आणला जातो. या एका गैरसमजापायी घरोघरच्या टाक्यांत कितीतरी मासे उपासमारीने मरतात, आणि जे तगतात ते वाढून शेवटी एखाद्या व्हाळात किंवा तळीत सोडले जातात. तळाशी वावरणाऱ्या लहान माशांपैकी गोव्यातील घरात कोणते ठेवण्याजोगे आहेत, किती ठेवावेत आणि कोणते मुळीच आणू नयेत, याचा विचार म्हणूनच खरेदीच्या शेवटी नव्हे, सुरुवातीलाच झालेला बरा.

दुकानात ज्यांना सरसकट ‘कॅटफिश’ म्हणतात ते मासे आपल्याला अगदीच परके नाहीत. मासळी बाजारातला शिंगाळा आणि नदीतली शिंगटी याच गणातली. तोंडाभोवती मिशा, अंगावर नेहमीचे खवले नाहीत आणि पंखांच्या मुळाशी टोचणारे काटे ही या गणाची ओळख. मात्र या गणाचा पसारा अफाट आहे. अडीच सेंटिमीटरच्या पिटुकल्या माशापासून माणसाच्या उंचीहून मोठ्या माशापर्यंत सारे त्यात येतात आणि दुकानाच्या टाकीत, लहानपणी, त्यातले पुष्कळसे सारख्याच आकाराचे दिसतात. निवडीतली खरी गोम येथेच आहे.

मिश्र टाकीसाठी, म्हणजे टेट्रा, रासबोरा, गप्पी, मॉली असे निरनिराळे शांत मासे एकत्र राहतात त्या टाकीसाठी, सर्वांत योग्य ठरतात ते कॉरिडोरस कुळातील मासे. हौशी मंडळी त्यांना नुसते ‘कॉरी’ म्हणतात. नावाचा उगम ग्रीक भाषेत आहे: शिरस्त्राण आणि कातडे या अर्थाचे दोन शब्द जोडून फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लासेपेद याने १८०३ साली ते तयार केले. खवल्यांऐवजी अंगाच्या प्रत्येक बाजूला हाडासारख्या पट्ट्यांच्या दोन रांगा असतात, चिलखत घातल्यासारख्या. म्हणून हे नाव. मूळ वसतिस्थान दक्षिण अमेरिका: अँडीज पर्वताच्या पूर्वेकडील नद्या, उत्तरेला त्रिनिदादपासून दक्षिणेला अर्जेंटिनापर्यंत. शास्त्रज्ञांनी दीडशेहून अधिक जाती नोंदवल्या आहेत. २०२४ साली या मोठ्या गटाची फेरमांडणी होऊन त्याचे अनेक गट पडले. ब्राँझ कॉरी आता ऑस्टिओगॅस्टर या गटात आणि पेपर्ड कॉरी होप्लिसोमा या गटात मोडतो. दुकानात मात्र जुनीच नावे चालतात आणि आणखी बरीच वर्षे चालतील, तेव्हा येथेही तीच वापरली आहेत.

या माशांचा स्वभाव पाहण्यासारखा आहे. दिवसभर ते घोळक्याने तळ धुंडाळत फिरतात, तोंड वाळूत खुपसतात, घासभर वाळू आत घेतात, त्यातले खाण्याजोगे तेवढे ठेवून बाकीची कल्ल्यांतून बाहेर सोडतात. डोळा खाली फिरवण्याची त्यांना सवय आहे. काचेबाहेरून पाहणाऱ्याला तो डोळा मिचकावल्यासारखा वाटतो. मधूनच एखादा मासा बाणासारखा वर जातो, पृष्ठभागावर हवेचा घोट घेतो आणि तितक्याच वेगाने खाली येतो. नवख्या मालकाला वाटते, मासा गुदमरला. पण कॉरीला हवेतला प्राणवायू आतड्याच्या मागच्या भागातून शोषून घेता येतो आणि अधूनमधून असे वर जाणे ही त्याची नेहमीची रीत आहे. सगळेच मासे दर दोन मिनिटांनी वर धावू लागले तर मात्र पाण्यात काहीतरी बिघडले आहे असे समजावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. कॉरी टाकी साफ करत नाही. तो शेवाळ खात नाही, माशांची विष्ठाही खात नाही. वरच्या माशांचे सुटलेले चार कण त्याच्या वाट्याला येतात, पण तेवढ्यावर तो जगत नाही. उलट त्याची स्वतःची विष्ठा टाकीत भर घालते. म्हणजे तळाचा मासा आणल्याने मालकाचे काम कमी होत नाही, थोडे वाढते. हे मान्य असेल त्यानेच पुढचा विचार करावा.

पाण्याचा पारा पाहून जात ठरवावी

इंटरनेटवरील बहुतेक माहिती युरोप-अमेरिकेतील घरांना धरून लिहिलेली असते. तेथे प्रश्न असतो पाणी गरम कसे ठेवावे हा. गोव्यात प्रश्न नेमका उलटा. येथील घरातल्या टाकीचे पाणी खोलीच्या हवेबरोबर चढते-उतरते. थंडीच्या रात्री ते २४-२५ अंशांपर्यंत खाली येते, एप्रिल-मे महिन्यांत मात्र ३० अंश गाठते आणि पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरील खोलीत ओलांडतेही. म्हणून मासा पसंत करण्याआधी एक साधा थर्मामीटर घेऊन आठवडाभर सकाळी आणि दुपारी पाण्याचे तापमान टिपून ठेवावे. हिवाळ्यात टाकी मांडणाऱ्याने मे महिन्यातील चार-पाच अंशांची वाढ त्यात आधीच धरावी.

या कसोटीवर गोव्यासाठी पहिला क्रमांक स्टर्बाय कॉरीचा. ब्राझील आणि बोलिव्हियाच्या सीमेवरून वाहणाऱ्या ग्वापोरे नदीतला हा मासा १९६२ साली शास्त्राला माहीत झाला आणि लाइपझिगचे प्राणिशास्त्रज्ञ ग्युंटर स्टर्बा यांचे नाव त्याला मिळाले. काळपट डोक्यावर पांढरे ठिपके, अंगावर ठिपक्यांच्या रांगा आणि छातीच्या पंखांचे काटे नारिंगी. २४ ते २८ अंश हे त्याचे आवडते तापमान. उन्हाळ्यातले काही दिवस पाणी त्याहून थोडे वर गेले, तरी भरपूर हवा मिळत असेल तर तो निभावतो. म्हणूनच कोमट पाण्यातल्या डिस्कस माशांबरोबर जगभर हाच कॉरी ठेवला जातो. वाढ सहा-साडेसहा सेंटिमीटर. इतर कॉरींपेक्षा महाग पडतो, हा त्याचा एकच दोष.

दुसरा ब्राँझ कॉरी. १८५८ साली त्रिनिदादमधील नमुन्यांवरून त्याचे वर्णन झाले. अंगावर तांबूस-हिरवट झाक, लांबी सहा-सात सेंटिमीटर. पिढ्यान्‌पिढ्या कृत्रिम तळ्यांत पैदास होत आल्याने तो सोशिक झाला आहे, सहज मिळतो आणि स्वस्तही आहे. दुकानातला पांढरा, लाल डोळ्यांचा ‘अल्बिनो’ बहुतेक वेळा याच जातीचा असतो. त्याची पसंती २२ ते २६ अंशांची. उन्हाळ्यात त्याला जपावे लागते, पण पहिल्यांदाच कॉरी ठेवणाऱ्याने याच्यापासून सुरुवात करण्यास हरकत नाही. कधीकधी गुलाबी, निळे, हिरवे कॉरीही विक्रीस दिसतात. असे रंग या माशाला निसर्गाने दिलेले नाहीत. पांढऱ्या माशाला ते कृत्रिम रीतीने दिलेले असतात. त्या प्रक्रियेत मासे मरतात, उरलेल्यांचा रंग काही महिन्यांत उतरतो. असा मासा घेऊच नये.

‘ज्युली’ नावाने विकला जाणारा ठिपक्यांचा कॉरी जवळजवळ नेहमीच खरा ज्युली नसून त्रिरेखी कॉरी असतो. डोक्यावर सुटे ठिपके असतील तर ज्युली, ठिपके एकमेकांत मिसळून वेटोळ्या रेघांची जाळी झाली असेल तर त्रिरेखी. नाव चुकले तरी नुकसान काही नाही. दोघांचीही निगा सारखीच.

पांडा कॉरीच्या बाबतीत मात्र मोह आवरावा. पांढुरक्या अंगावर डोळ्यांभोवती काळा पट्टा, पाठीच्या पंखावर आणि शेपटीच्या मुळाशी काळा डाग असे त्याचे रूप. दुकानात मुले हटकून त्याच्याकडेच बोट दाखवतात. पण तो पेरूमधील, अँडीजच्या पायथ्याच्या ओढ्यांतला मासा. २५ अंशांपलीकडचे पाणी त्याला फार दिवस सोसत नाही. गोव्यात तो डिसेंबरात आणला तर फेब्रुवारीपर्यंत छान राहतो, मग एकेक करून संपतो आणि मालक पाण्याला, खाद्याला किंवा दुकानदाराला दोष देत बसतो. पेपर्ड कॉरीचेही तेच. हा मासा चार्ल्स डार्विनने बीगल जहाजाच्या सफरीत गोळा केलेल्या नमुन्यांपैकी. १८४२ साली लिओनार्ड जेनिन्स याने त्याचे वर्णन केले. ला प्लाता नदीच्या परिसरातला हा मासा १८ ते २३ अंशांत सुखी असतो. घाटावर, बेळगावच्या थंड हवेत, पावसाळा-हिवाळ्यात तो खुशाल राहील. पणजी-मडगावात वातानुकूलित खोलीशिवाय त्याचा विचार करू नये.

लहान टाकीसाठी पिग्मी, हॅस्टॅटस आणि हॅब्रोसस अशा तीन बुटक्या जाती आहेत. अडीच-तीन सेंटिमीटरहून त्या फारशा वाढत नाहीत. पिग्मी आणि हॅस्टॅटस तर तळ सोडून टाकीच्या मधल्या थरात घोळक्याने तरंगतात. दिसायला फार सुंदर, पण त्यांना एंजल किंवा गुरामी यांच्या बरोबर ठेवणे म्हणजे खाद्य म्हणून टाकणे. शिवाय लहान टाकीतले थोडे पाणी लवकर तापते, हे येथे विसरून चालत नाही.

उन्हाळ्याचा मुद्दा अंशांवरच संपत नाही. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. त्याच वेळी माशाची गरज मात्र वाढलेली असते. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये हवेचा पंप दिवसरात्र चालू हवा, टाकी खिडकीच्या उन्हापासून दूर हवी आणि खाद्य थोडे कमी हवे. पाण्यावर छोटा पंखा सोडल्यास बाष्पीभवनाने तापमान उतरते. पण किनारपट्टीच्या दमट हवेत हा उपाय कोरड्या प्रदेशाइतका लागू पडत नाही, दीड-दोन अंश उतरले तरी पुष्कळ समजावे. पावसाच्या तोंडावर वीज जाते तेव्हा पंपही थांबतो आणि तेव्हाच पाणी सर्वांत तापलेले असते. बॅटरीवर चालणारा छोटा पंप घरात असावा. अनेक टाक्या त्या एका रात्रीत रिकाम्या होतात.

पाण्याविषयी थोडे. नळाच्या पाण्यात क्लोरिन असते. क्लोरिन उतरवणारे थेंब टाकल्याशिवाय ते टाकीत ओतू नये. विहिरीचे पाणी अनेकांकडे असते. जांभ्या दगडातल्या विहिरीचे पाणी बहुधा मृदू आणि किंचित आम्लधर्मी असते, आणि कॉरीला ते मानवते. फारच मृदू असेल तर त्याची आम्लता हळूहळू वाढत जाते. तशा वेळी शिंपल्याचा थोडा चुरा कापडी पुरचुंडीत बांधून फिल्टरमध्ये ठेवतात. समुद्राकाठच्या विहिरी मात्र उन्हाळ्यात मचूळ होतात. ते पाणी या माशांना वापरू नये. समुद्रकिनाऱ्याची वाळूही नको: तिच्यात मीठ असते आणि शिंपल्यांचे कण मोठ्या प्रमाणात असल्याने पाणी जड होत जाते.

मग वाळू कोणती? बारीक, गुळगुळीत, स्वच्छ धुतलेली नदीची वाळू, दोन-तीन सेंटिमीटरचा थर. रंगीत, टोकदार खडी घातलेल्या टाकीत कॉरीला त्याचा मूळ उद्योगच करता येत नाही. मिशा झिजलेले कॉरी पाहिले की सारा दोष खडीला दिला जातो. खडीचा वाटा असतो, पण खड्यांच्या फटींत साठून कुजणाऱ्या खाद्यातले जंतू हे त्याहून मोठे कारण. वाळूवर घाण वरच राहते, दिसते आणि नळीने ओढून काढता येते.

सहा म्हणजे सहाच

कॉरी हा कळपातला मासा आहे. एकटा किंवा जोडीने ठेवलेला कॉरी झाडामागे दडून बसतो, खात नाही आणि मालकाला तो ‘आळशी’ वाटतो. त्याच माशाला पाच सोबती मिळाले की तो भरदिवसा टाकीभर हिंडू लागतो. एका जातीचे किमान सहा हवेत. दोन ब्राँझ, दोन अल्बिनो आणि दोन पांडा असा मेळ घालून सहा भरत नाहीत. (अल्बिनो आणि ब्राँझ एकमेकांत मिसळतात, कारण जात एकच.) खर्च परवडत नसेल तर महागड्या जातीचे दोन घेण्यापेक्षा स्वस्त जातीचे सहा घ्यावेत.

सहा ब्राँझ किंवा स्टर्बाय यांच्यासाठी दोन फूट लांब आणि एक फूट रुंद तळाची टाकी ही खालची मर्यादा. तिच्यात साधारण ५५ लिटर पाणी मावते. तीन फुटी असेल तर उत्तम. तळाच्या माशाला उंचीचा उपयोग नाही. दुकानात दिसणाऱ्या उंच, अरुंद शोभेच्या टाक्या आणि गोल बरण्या यांच्यासाठी बाद समजाव्यात. नवी टाकी भरल्यावर अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि त्याचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू फिल्टरमध्ये स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. कॉरी टाकीत सर्वांत शेवटी यावा, पहिल्या दिवशी नव्हे.

सोबत्यांमध्ये टेट्रा, रासबोरा, डॅनियो, लहान गुरामी हे चांगले. गोल्डफिश नको; तो थंड पाण्याचा आणि फार घाण करणारा. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न असे मोठे भक्षक तर मुळीच नकोत. कॉरी गिळायला गेलेल्या मोठ्या माशाच्या घशात त्याचे काटे ताठ होऊन अडकतात आणि दोघेही मरतात. हे काटे जाळीतही गुंततात. त्यामुळे कॉरी पकडताना जाळीपेक्षा पारदर्शक भांड्यात हाकलून घेणे सोयीचे. काटा हाताला टोचल्यास बराच वेळ ठणकतो, कारण त्याच्या मुळाशी विषग्रंथी असतात. घाबरलेले अनेक कॉरी एका लहान पिशवीत कोंबले तर या स्रावाने ते स्वतःच दगावल्याची उदाहरणे आहेत. पिशवीतले पाणी फेसाळ दिसले तर ते टाकीत कधीही ओतू नये.

खाद्य संध्याकाळी, दिवा मालवल्यावर द्यावे. वरचे मासे तोवर शांत झालेले असतात. तळाशी बुडणाऱ्या गोळ्या हे मुख्य अन्न. आठवड्यातून एकदा-दोनदा गोठवलेल्या रक्तकृमी द्याव्यात. गटारातून धरलेल्या जिवंत ट्युबिफेक्स अळ्या कॉरीला प्रिय असल्या तरी रोग आणतात. सकाळी तळावर गोळी उरलेली दिसली तर दुसऱ्या दिवशी कमी टाकावी.

दुकानात मासा पाहताना घाई करू नये. पाच मिनिटे टाकीसमोर उभे राहावे. मिशा पूर्ण आहेत का, पोट खपाटीला गेले आहे का, पोटाखाली लाल चट्टे आहेत का, पाठीचा पंख उभा आहे का, हे पाहावे. एकाच टाकीत एक-दोन मेलेले मासे दिसले तर उरलेले कितीही तेजस्वी दिसोत, त्या दिवशी परत फिरावे. दुकानदाराला समोर खाद्य टाकायला सांगावे. खाणारा मासा हा निम्मा निरोगी मासा. आणि ‘आज आलेला माल’ कधी घेऊ नये. हा मासा दूरचा प्रवास करून आलेला असतो. आठवडाभर दुकानातच राहून तो तगला, तर तो घरीही तगेल. घरी आणल्यावर दोन-तीन आठवडे वेगळ्या लहान टाकीत ठेवावा. औषधांत जपून राहावे: तांब्याची औषधे आणि मिठाची मोठी मात्रा या माशांना इतरांइतकी सोसत नाही.

शेवाळ खाणारे आणि सकर

शेवाळासाठीच मासा हवा असेल तर दोन पर्याय आहेत. ओटोसिंक्लस हा चार सेंटिमीटरचा नाजूक मासा पानांवरचे आणि काचेवरचे तपकिरी शेवाळ खरोखर खातो. पण दुकानात येणारे बहुतेक ओटो नदीतून पकडलेले आणि वाटेत उपाशी राहिलेले असतात. सहा महिने जुन्या, शेवाळ धरलेल्या टाकीतच तो आणावा, पोट गोल असलेलाच घ्यावा आणि उकडलेल्या काकडीची किंवा दुधीची चकती देत राहावे. दुसरा ब्रिसलनोज. नराच्या नाकावर फांद्यांसारखे केस फुटतात. बारा-तेरा सेंटिमीटरवर तो थांबतो. तीन फुटी टाकीत एखादा लाकडाचा ओंडका ठेवून तो सुखाने राहतो. तो काटक आहे, मात्र एका टाकीत दोन नर ठेवू नयेत.

याच ब्रिसलनोजच्या आकाराचा असताना जो ‘सकर’ किंवा ‘क्लिनर’ म्हणून हाती येतो तो टेरिगोप्लिक्थिस. तोच तो सुरुवातीचा काळपट मासा. दोन-तीन वर्षांत तो फूटभर होतो आणि पूर्ण वाढ ४० ते ५० सेंटिमीटरपर्यंत जाते. दोघांतला फरक पाठीच्या पंखावरून ओळखावा: सकरचा पंख शिडासारखा मोठा आणि दहाहून अधिक काड्यांचा, ब्रिसलनोजचा आखूड. वाढलेला सकर शेवाळ सोडून इतर माशांच्या अंगावरचा चिकट थर चाटू लागतो, झाडे उपटतो, टाकी गढूळ करतो. मग घरातले कोणीतरी ‘जीव आहे, जगू दे’ म्हणून त्याला नदीत, देवळाच्या तळीत किंवा बंद खाणीच्या पाणी साचलेल्या खड्ड्यात सोडून येते.

तेथे तो जगतोच, आणि तेच अनर्थाचे मूळ आहे. चिलखती अंगामुळे त्याला खाणारे कोणी नसते. कमी प्राणवायूच्या घाण पाण्यातही हवा गिळून तो तगतो. अंडी घालण्यासाठी काठाच्या मातीत बिळे खणतो, त्यामुळे काठ ढासळतात. केरळ, आंध्र प्रदेश आणि पश्चिम बंगालसह अनेक राज्यांच्या जलाशयांत तो पसरला आहे. जाळ्यात अडकून तो मच्छीमारांची जाळी फाडतो आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. गोव्याच्या नद्या सह्याद्रीतून उतरतात आणि पश्चिम घाटाबाहेर जगात कोठेही न आढळणारे मासे त्यांच्या गोड्या पाण्यात राहतात. म्हादईच्या एखाद्या व्हाळात हा पाहुणा रुजला तर त्याला परत काढण्याचा उपाय कोणाजवळ नाही. ज्यांच्या घरी आधीच मोठा सकर आहे त्यांनी तो दुकानाला परत द्यावा किंवा मोठी टाकी असलेल्या हौशी माणसाला द्यावा. यांपैकी काही जमले नाही तर तो घरीच सांभाळावा. पाण्यात सोडणे हा पर्याय नाही.

असेच आणखी काही लहानपणी फसवणारे. ‘शार्क’ म्हणून विकला जाणारा चंदेरी, अस्वस्थ, सतत येरझाऱ्या घालणारा मासा हा पंगॅशियस. बाजारात ‘बासा’ म्हणून मिळणाऱ्या माशाचाच भाऊबंद, मीटरभर वाढणारा. लाल शेपटीचा कॅटफिश तर त्याहूनही मोठा होतो. ठिपकेदार पिक्टस देखणा आहे आणि मर्यादित वाढतो, पण रात्रीतून निऑन टेट्रा फस्त करतो. पावसाळ्यात शेतातल्या पाण्यात हाती लागणारी शिंगटीची पिल्लेही टाकीत आणू नयेत. ती भक्षक आहेत. दुकानदार कधी ‘तळाचा मासा’ म्हणून पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा झेब्रा लोच पुढे करतो. तो कॅटफिश नव्हे. तो आपल्याच सह्याद्रीतला, जगात अन्यत्र न सापडणारा आणि धोक्यात आलेल्या जातींच्या यादीतला मासा आहे. टाकीसाठी त्याची मागणी जितकी कमी होईल तितके बरे.

कॉरी नीट रुळला की दहा वर्षांच्या आसपास जगतो, आणि तो रुळल्याची खूण बहुधा जून-जुलैत मिळते. मूळ देशी हे मासे पावसाच्या आगमनाबरोबर अंडी घालतात. आपल्याकडे उन्हाळा सरून पहिला जोराचा पाऊस पडतो, हवा गार होते, त्या सुमारास टाकीतले तिसरा हिस्सा पाणी काढून थोडे थंड पाणी घातले तर ब्राँझ कॉरीचे नर माद्यांच्या मागे लागतात. मीलनाच्या वेळी मादी नराच्या पोटाशी तोंड लावते. ती त्याचे शुक्राणू गिळते, ते तिच्या आतड्यातून झपाट्याने पार होऊन बाहेर पडतात आणि पोटाखालच्या पंखांच्या ओंजळीत धरलेल्या अंड्यांना फलित करतात, असे १९९५ साली जपानी संशोधकांनी दाखवून दिले. मग मादी ती चिकट अंडी काचेवर किंवा पानावर नेऊन लावते. काही डझनांपासून शे-दोनशेपर्यंत अंडी निघतात. आईबापच ती खातात, म्हणून काचेवरून बोटाने हलकेच सोडवून ती वेगळ्या भांड्यात, हवेच्या बारीक बुडबुड्यांखाली ठेवावीत. पांढरी पडलेली अंडी बुरशी पसरवतात. ती रोज वेचून टाकावीत. तीन ते पाच दिवसांत पिल्ले निघतात, पुढचे दोन दिवस अंगच्या बलकावर राहतात आणि त्यानंतर त्यांना नुकतेच फुटलेले आर्टेमिया द्यावे लागते. दोन-अडीच महिन्यांत ती दोन सेंटिमीटरची होतात. इतकी पिल्ले एका टाकीत मावत नाहीत. त्यांना आधीच घर शोधून ठेवावे. परिचयातल्या एखाद्या दुकानदाराशी बोलून ठेवले तर खाद्याच्या बदल्यात तो ती घेऊन जातो.